आंदुन राजाची निळी बरणी

१

पेटीतून नारळ निघाला.

सोललेला, शेंडी काढलेला, पांढऱ्या कापडात गुंडाळलेला नारळ. वेइ साहेबांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि कानाशी नेऊन हलवला. आत पाणी खळखळलं. मालखान्यात आम्ही पाच-सहा जण उभे होतो. 

"हीच का ती आंदुन राजाची निळ्या काचेची बरणी?" वेइ साहेबांनी विचारलं. "रंग जरा उडालेला दिसतो."

बंदराचे अंमलदार कुंग साहेब भिंतीला टेकले होते. त्यांचे ओठ हलत होते, पण शब्द बाहेर येत नव्हता. ती बरणी सम्राटांना द्यायची भेट होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तांडा राजधानीच्या, लोयांगच्या वाटेला लागायचा होता.

आज मी त्याच लोयांगात राहतो. इथे हिवाळ्यात दौतीतली शाई गोठते. शेगडीजवळ बसून हात शेकताना मला आमचं रिनान आठवतं. हान साम्राज्याचं अगदी दक्षिणेचं टोक. उन्हाळ्यात तिथे सूर्य डोक्यावरून पुढे सरकतो आणि सावली भलत्याच बाजूला पडते. दारं आम्ही उत्तरेकडे ठेवायचो. उत्तरेकडून आलेले साहेब लोक ते बघून चक्रावायचे आणि आम्हांला मोठी मौज वाटायची. हवेला सदा सुक्या मासळीचा आणि ओल्या दोरखंडांचा वास. माझा बाप उत्तरेकडचा शिपाई, आई तिथलीच. बंदरावर वाढलो, चार देशांच्या खलाशांच्या शिव्या शिकलो, आणि त्या भांडवलावर सरकारी दुभाषा झालो. माझं नाव तान यी.

हे घडलं येन्शी शकाच्या नवव्या वर्षी. त्या वर्षी राजधानीत विद्वानांची धरपकड चालली होती. वेइ साहेबांचे गुरुजी तुरुंगात होते आणि खुद्द वेइ साहेबांना तपासनीस म्हणून आमच्याकडे, नकाशाच्या काठावर, ढकलून दिलं होतं. जाडजूड माणूस. सतत घामाघूम, हातात ताडाचा पंखा. तांड्याबरोबर जाणाऱ्या भेटवस्तू तपासायला ते आले आणि पहिलीच पेटी उघडली तर हा नारळ.

तेवढ्यात दिओन पुढे धावला. हा आंदुन राजाच्या, दूर पश्चिमेकडच्या देशाचा पाहुणा. कुरळ्या दाढीचा, तिशी उलटलेला. त्याने पेटीत हात घातला, पेंढा उपसून फेकला, तळ चाचपला, आणि असा ओरडला की माझ्या अंगावर काटा आला.

"आदेल्फे! आदेल्फे!"

मला त्याची भाषा येत नव्हती. तो बोलायचा ते त्याच्या जहाजाचा तांडेल इसिदत आमच्या बंदरी बोलीत मला सांगायचा आणि मी ते साहेबांना. मी इसिदतकडे पाहिलं. त्याने आधी दिओनकडे पाहिलं.

"चोर म्हणतोय," तो म्हणाला. "चोर, चोर."

त्या शब्दाने कुंग साहेबांना कंठ फुटला. "मालखान्याची किल्ली कोणाकडे असते?" ते गरजले. "धरा त्या बाईला!"

२

ती बाई म्हणजे थाम मावशी. सरकारी अतिथीगृह तीच सांभाळायची. नवरा समुद्रात गेलेला, मूलबाळ नाही. साऱ्या बंदराला ती मावशी. खलाशी तिच्या हातचं माशाचं कालवण खायला जिवावर उदार होऊन वादळातून यायचे, असं आम्ही म्हणायचो. जीभ मात्र भलतीच तिखट, आणि त्या जिभेनेच तिचा घात केला.

आदल्या दुपारची गोष्ट. कुंग साहेबांनी पाहुण्यांना मेजवानी दिली होती. बरणी मधोमध मांडली होती. लहानशा कोहाळ्याएवढी, दोन कानांची, गडद निळी. झाकण शिशाने बंद केलेलं. खिडकीतून ऊन येऊन तिच्यावर पडलं आणि समोरच्या भिंतीवर निळं पाणी हलल्यासारखं दिसायला लागलं. आम्ही सगळे जेवायचं विसरलो. असली काच आमच्यापैकी कोणीच पाहिली नव्हती.

मावशी भात वाढत होती. ती थबकली आणि म्हणाली, "अगंबाई! अशी बरणी मला मिळाली ना, तर यंदाचं माशाचं लोणचं मी तिच्यातच घालीन."

सगळे खो खो हसले होते. आता त्याच हसणाऱ्यांची साक्ष झाली.

"सर्वांसमक्ष बोलली ती!" कुंग साहेब म्हणाले. "किल्ली तिच्याकडे, डोळा बरणीवर. सम्राटांच्या भेटीला हात लावला की शिक्षा एकच. उद्या तांडा निघायच्या आत हिचं डोकं उडवतो."

मावशीच्या हातांना दोरी बांधली होती. तरी ती बोललीच. "साहेब, लोणच्यासाठी कोणी सम्राटाच्या घरात चोरी करतं का हो? माझ्याकडे मातीच्या बरण्या ढिगाने आहेत."

"गप्प बस!"

वेइ साहेब या गोंधळात नव्हतेच. ते पेटीशेजारी उकिडवे बसून दोरी बघत होते. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"तान, काल पेटी बंद केली तेव्हा तू होतास?"

"होतो, साहेब. कुंग साहेबांनी स्वतः दोरी आवळली, गाठीवर ओली माती थापली आणि शिक्का उमटवला."

"आज ती माती मी स्वतःच्या हाताने फोडली. ठसा जसाच्या तसा होता. दोरी कापलेली नव्हती. तळ बघ, फळ्या अभंग आहेत." ते गुडघ्यावर हात टेकत उठले. "म्हणजे शिक्का मारल्यावर ही पेटी कोणी उघडलेली नाही. आणि उघडली असेल तर फक्त ज्याच्याकडे शिक्का आहे त्याने."

शिक्का कुंग साहेबांच्या कमरेला लटकत होता. झोपतानासुद्धा ते तो काढत नसत. सगळ्यांच्या नजरा नकळत तिकडे वळल्या.

"माझ्यावर आळ?" कुंग साहेब लाल झाले.

"नाही. तुमच्यावरही नाही आणि या बाईवरही नाही," वेइ साहेब शांतपणे म्हणाले. "उद्या सकाळपर्यंतचा वेळ मला द्या. नाहीतर सुभेदारसाहेबांना मला कळवावं लागेल की ठसा तुमचा होता आणि आत नारळ होता."

कुंग साहेबांनी वेळ दिला. पण मावशीला सोडलं नाही.

३

वेइ साहेबांचा तपास म्हणजे गप्पाच होत्या. अतिथीगृहाच्या ओट्यावर बसून केळी खात ते एकेकाला बोलवायचे.

कुंग साहेब आले ते तणतणतच. "मी बरणी कशाला घेऊ? अहो, आंदुन राजाचा वकील माझ्या बंदरात उतरला! आजवर कधी झालं होतं असं? ती बरणी राजवाड्यात पोचली असती तर माझी बदली थेट उत्तरेत झाली असती. सात वर्षं मी इथे डास मारतोय."

ते खरं होतं. मला तर मनातून अशीही शंका होती की दिओन राजाचा वकील, म्हणजे दूत वगैरे कोणी नव्हताच. पहिल्या दिवशी तो एवढंच म्हणाला होता की मी आंदुन राजाच्या देशातून आलोय. कुंग साहेबांनी ऐकलं, आंदुन राजाकडून आलोय. मी दुरुस्ती करायला तोंड उघडलं तोवर त्यांनी मेजवानीचा हुकूम दिलेला होता. बिचाऱ्या दिओनने मग हस्तिदंत, गेंड्याची शिंगं, कासवाची पाठ, वाटेत घेतलेला जो काही माल होता तो भेट म्हणून पुढे केला. बरणी त्यात नव्हती. जहाज तपासताना कुंग साहेबांनाच ती टोपलीत दिसली. "ही पण सम्राटांना," असं त्यांनीच जाहीर करून टाकलं. नाही म्हणायची सोय नव्हती.

"बरणी दाखवायला तो खूश होता?" वेइ साहेबांनी मला विचारलं.

"नव्हता. जेवलाच नाही. मला वाटलं, आमचा भात त्याला मानवत नसेल."

मग दिओन आला. इसिदत त्याच्या शेजारी बसला. हा इसिदत समुद्रापलीकडच्या शूर्पारक बंदराचा. पन्नाशीचा, काळा कुळकुळीत, हसला की तोंडभर दात. दरवर्षी वाऱ्याबरोबर तो आमच्याकडे यायचा आणि वारा फिरला की जायचा. माझी निम्मी भाषा त्याचीच देणगी. त्या दिवशी मात्र त्याचे दात दिसले नाहीत.

"बरणीत काय होतं?" वेइ साहेबांनी विचारलं.

मी इसिदतला विचारलं, इसिदतने दिओनला. दिओन बोलायला लागला. खूप बोलला. एक हात छातीवर ठेवला, दुसऱ्याने पश्चिमेकडे दाखवलं. मध्ये आवाज चिरकला, थांबला, पुन्हा बोलला. आम्ही वाट बघत राहिलो.

इसिदत म्हणाला, "धूप. सुगंधी धूप होता म्हणतोय."

वेइ साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग हातातल्या केळ्याकडे पाहिलं. "बराच धूप असेल," ते पुटपुटले. "दुकान उघडण्याइतका." मी ते पुढे सांगितलं नाही. त्यांनीही आग्रह धरला नाही. दोघांना नमस्कार करून जाऊ दिलं.

ते गेल्यावर केळ्याची साल कोपऱ्यात टाकत साहेब म्हणाले, "तान, तुझा कान चांगला आहे. सकाळी पेटी उघडल्यावर तो काय ओरडला, म्हणून दाखव."

"आदेल्फे."

"त्याचा अर्थ चोर नाही."

४

"कशावरून?" मी विचारलं.

"तूच सांगशील. काल मेजवानीत हा शब्द ऐकला होतास का?"

मी डोळे मिटले. दुभाष्याला अर्थ कळो न कळो, आवाज लक्षात राहतात. मेजवानी संपली होती. बरणी पेटीत ठेवायची वेळ आली. ती कापडात गुंडाळण्यापूर्वी दिओनने तिच्यावरून हात फिरवला, लहान मुलाच्या पाठीवरून फिरवावा तसा, आणि काहीतरी कुजबुजला.

"हाच शब्द," मी म्हणालो. "अगदी हाच."

"चोराला कोणी कुरवाळतं का?" वेइ साहेबांनी पंखा खाली ठेवला. "जा. जहाजावर जा. इसिदतला विचारू नकोस. दिओनच्या देशाचा दुसरा कोणी असेल तर त्याला विचार."

जहाज धक्क्याला लागलेलं होतं. खलाशी शिडाला टाके घालत होते. त्यांत दिओनच्या देशाचा एकच माणूस होता, त्याचा थोराड स्वयंपाकी. त्याला माझं बोलणं कळेना, मला त्याचं. मी फक्त तो शब्द म्हणालो आणि हात उडवून विचारलं, म्हणजे काय?

आधी तो गोंधळला. मग हसला. माझा हात धरून मला शिडाकडे घेऊन गेला. तिथे दोन जण शेजारी बसून टाके घालत होते. दोघांचं नाक सारखं, मिचमिचे डोळे सारखे, वैतागलेला चेहरासुद्धा सारखा. स्वयंपाक्याने एकावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर, आणि दोन्ही बोटं एकमेकांना जुळवली.

"आदेल्फोस," तो म्हणाला. शब्द तोच, शेवट तेवढा वेगळा.

"हा माझा धाकटा," त्यांतला एक बंदरी बोलीत मला म्हणाला. "का रे, तान? काय झालं?"

स्वयंपाक्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं होतं. त्याने दिओनचं नाव घेतलं आणि पुन्हा तीच दोन बोटं जुळवून दाखवली. मग त्यांतलं एक बोट हळूच मिटून घेतलं.

मी धावतच ओट्यावर आलो.

"भाऊ, साहेब! त्या शब्दाचा अर्थ भाऊ. त्याला भाऊ होता. तो..."

"वारला," वेइ साहेब म्हणाले. "वाटेत. आणि त्यांच्या देशात माणूस मेल्यावर काय करतात, हे मला सुभ्याच्या कचेरीतल्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याने सांगितलं होतं. तेव्हा मी त्याला वेड्यात काढलं होतं."

"काय करतात?"

"जाळतात, तान. आणि उरलेली हाडं काचेच्या बरणीत ठेवतात."

आमच्या लोकांत मेलेल्याचा देह जपून मातीत ठेवायचा. नख तुटलं तरी हळहळतात. आणि ती हाडं, एका परक्या माणसाची जळकी हाडं, कुंग साहेबांच्या शिक्क्यासकट सम्राटांच्या पुढ्यात जाणार होती.

५

"म्हणजे दिओननेच बरणी लपवली?" मी विचारलं.

"तो ओरडला तेव्हा त्याचा चेहरा तू पाहिलास ना? माझ्या गुरुजींना शिपाई घेऊन गेले, तेव्हा त्यांच्या मुलाचा चेहरा असाच होता. दिओनला काहीही माहीत नाही. बरं, आता कालचा शेवट मला करून दाखव. मी पेटी, हा ओटा म्हणजे दालन. बरणी कशातून आली?"

"वेताच्या टोपलीतून. इसिदतने आणली. आत पेंढा होता."

"गुंडाळली कोणी?"

"दिओन नुसता उभा होता, म्हणून इसिदतनेच. शिडाच्या पांढऱ्या कापडात. मग जरा पेंढा घ्यायला तो टोपलीकडे वाकला..." मी थांबलो. "बोचकं त्याच्या हातातच होतं. वाकला, पेंढा काढला, उठला, बोचकं पेटीत ठेवलं."

"त्या वेळी तुम्ही सगळे काय बघत होता?"

"कुंग साहेब शिक्क्याची माती भिजवत होते. त्यांनी मोठ्याने सांगितलं होतं, सगळ्यांनी इकडे लक्ष द्या, हा सरकारी शिक्का आहे."

वेइ साहेब पोट हलेपर्यंत हसले. मग मावशीची भाजीची टोपली त्यांनी माझ्या हातात दिली. "इसिदत आला तसा ये. गेला तसा जा."

मी टोपली कमरेवर घेतली. एका हाताने धरून तो आत आला होता, वाटेत मला डोळाही मारला होता. जाताना... मी दोन्ही हातांनी टोपली छातीशी धरली, सावकाश पावलं टाकत ओट्याच्या टोकापर्यंत गेलो आणि तिथेच उभा राहिलो. मला स्वतःचीच लाज वाटली. सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं होतं.

"भरलेली टोपली एका हाताने आली आणि रिकामी टोपली दोन हातांनी गेली," वेइ साहेब म्हणाले. "नारळाचं बोचकं तिच्यात पेंढ्याखाली आधीच तयार होतं. वाकला तेव्हा त्याने बोचकी बदलली." ते चपला घालू लागले. "चल. इसिदतला भेटू."

शोधावं लागलंच नाही. तोच बंदराच्या वाटेने आमच्याकडे येत होता. अंगावर धुतलेलं वस्त्र, केस विंचरलेले.

"मी निघालोच होतो," तो मला म्हणाला. "साहेबांना सांग, मावशीला सोडा. बरणी मी घेतली. ती माझ्या जहाजावर नारळांच्या ढिगात आहे. फुटलेली नाही."

मी सांगितलं. वेइ साहेबांनी त्याला केवड्याच्या बनाशेजारी सावलीत बसवलं आणि स्वतःही वाळूत बसले.

"निकोन त्याचं नाव," इसिदत म्हणाला. "वीस-बावीसचा असेल. तापाने गेला. एका बेटावर आम्ही त्याला अग्नी दिला. लाकडं मीच रचली. आमच्याकडे असंच करतात, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. दिओनने अस्थी त्या बरणीत ठेवल्या. आईसाठी म्हणून दोघांनी ती बरणी हौसेने घेतली होती. मग इथे कुंग साहेबांनी ती पाहिली. मी इतकी वर्षं इथे येतोय, तुमच्या लोकांना हाडांची किती धास्ती ते मला ठाऊक आहे. खरं बोललो असतो तर अपमान केला म्हणून डोकं गेलं असतं. गप्प बसलो असतो तर राजवाड्यात झाकण उघडल्यावर दिओनचं डोकं गेलं असतं."

"मग त्याला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"दिओनला? अरे, त्याच्या तोंडावर सगळं उमटतं. साध्या फाशांच्या खेळातसुद्धा हरतो तो. मला वाटलं होतं, पेटी लोयांगला उघडेल. वाटेत शंभर हात लागतील, कोणाचंच नाव येणार नाही. मावशीचं येईल असं..." त्याने मान फिरवली. "तिच्या हातचं इतकी वर्षं जेवलोय मी."

वेइ साहेब समुद्राकडे तोंड करून पंख्याने वारा घेऊ लागले.

"साहेब काय करणार?" इसिदतने हळूच विचारलं.

मी ते विचारलं. साहेब उठले, वाळू झटकली आणि म्हणाले, "कुंगकडे जाणार. एकटाच."

६

एकटे गेले खरे, पण अंमलदारांच्या कचेरीची भिंत बांबूची होती आणि मी तिला टेकूनच उभा होतो.

"तपास लागला," वेइ साहेबांचा आवाज. "ऐका. त्या बरणीत मेलेल्या माणसाची जळकी हाडं होती."

काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. बहुतेक कुंग साहेबांचा पेला.

"ती बरणी तुम्ही मागून घेतलीत. तुमच्या हाताने पेटी बांधलीत. तुमचा शिक्का मारलात. आता मला सांगा, ती पेटी सम्राटांसमोर उघडली असती तर पहिलं डोकं कोणाचं गेलं असतं? त्या परक्या माणसाचं तर गेलंच असतं. पण पहिलं?"

कुंग साहेबांनी दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"ज्या कोणी तुमच्या पेटीत नारळ ठेवला," वेइ साहेब पुढे म्हणाले, "त्याने तुमचं डोकं वाचवलं, तुमच्या म्हाताऱ्या आईला मुलगा परत दिला. त्याचं नाव हवं असेल तर सांगतो. चौकशी होईल. मग बरणीत काय होतं तेही चौकशीत येईल."

"नको!" कुंग साहेब जवळजवळ किंचाळले. मग घसा खाकरला. "वेइ साहेब... कसली बरणी?"

"तेच तर. मलाही आठवत नाही."

"भेट म्हणून हस्तिदंत आहे. गेंड्याची शिंगं आहेत. कासवाची पाठ आहे."

"उत्तम भेट आहे. आणि मालखान्यात काही चोरीला गेलंच नाही, तर ती बाई कोठडीत काय करतेय?"

मावशी सुटली. बाहेर येताच मनगटं चोळत तिने आधी चुलीकडे धाव घेतली, कारण तिच्या गैरहजेरीत कोणीतरी कालवण करपवलं होतं. ज्याने करपवलं त्याच्या सात पिढ्यांचा तिने उद्धार केला. तो शिव्यांचा पट्टा ऐकून वेइ साहेब डोळे मिटून समाधानाने मान डोलवत होते.

संध्याकाळच्या उन्हात आम्ही दिओनला जहाजावर नेलं. इसिदतने नारळ बाजूला सारले आणि बरणी काढून त्याच्या मांडीवर ठेवली. दिओनने बरणीला कपाळ टेकवलं आणि तसाच बसून राहिला. मग एका हाताने चाचपडत त्याने इसिदतचं पाऊल धरलं. इसिदत गडबडला, "अरे, अरे, हे काय," म्हणत मागे सरला आणि मग तोही त्याच्याशेजारी मटकन बसला.

पण एक प्रश्न उरलाच होता. दिओनला आता वकील म्हणून लोयांगला जाणं भाग होतं. त्यातून सुटका नव्हती. बरणी घेऊन तिकडे जाता येत नव्हतं. आणि त्याच्या देशातून मागाहून निघालेल्या एका जहाजाने वाटेत बातमी दिली होती की लढाईवरून परतलेल्या सैनिकांनी कसला तरी ताप आणलाय आणि गावंच्या गावं आजारी आहेत. आई आहे की नाही, हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं.

"वारा फिरला की मी परत जाणार," इसिदत म्हणाला. "शूर्पारकाला याच्या गावची जहाजं येतात. त्यांतला एक नाखवा माझ्या खात्रीचा आहे. त्याच्या हाती देईन. याला विचार, चालेल का?"

मी कोणाला विचारणार? तो स्वतःच दिओनशी बोलला. दिओनने झाकणावरून एकदा बोट फिरवलं. मग बरणी उचलून त्याने इसिदतच्या हातात दिली.

पुढचं काही मोठं घडलं नाही. आम्ही लोयांगला पोचलो. भेटवस्तू पाहून दरबारातल्या लोकांनी नाकं मुरडली. आंदुन राजाच्या देशात म्हणे रत्नं पिकतात, आणि पाठवलं काय, तर हस्तिदंत आणि शिंगं? वकील खोटा असला पाहिजे, असं काहीजण अजूनही म्हणतात. माझ्यासमोर म्हणतात आणि मी शेगडीत कोळसे सारतो. दिओन दुसऱ्या वर्षी दक्षिणेकडे निघून गेला. त्याचं पुढे काय झालं, आई भेटली का, मला कळलं नाही. मी इथेच अडकलो, नोकरी लागली, लग्न झालं. वेइ साहेब रिनानमध्येच वारले. मावशीनेच त्यांचं शेवटचं सगळं केलं असं ऐकलं.

मला आठवतो तो घाट. तांडा निघाला त्या दिवशी वेइ साहेब आम्हांला पोचवायला घाटापर्यंत आले होते. तिथल्या शेवटच्या वळणावरून समुद्र दिसतो, त्यापुढे दिसत नाही. दिओन गाडीतून उतरला आणि एका खडकावर बसला. मला वाटलं, आता हा रडणार. पण बंदरी बोलीतले जे पाच-पंचवीस शब्द तो एव्हाना शिकला होता ते जोडून, हातवारे करत तो निकोनबद्दल सांगायला लागला. निकोनला समुद्राची भीती वाटायची. जहाज धक्क्याला बांधलेलं असतानाच तो ओकायचा. एका बंदरात त्याने हट्टाने माकड घेतलं. त्या माकडाने इसिदतच्या कमरेच्या वस्त्राची नाडी पळवली आणि डोलकाठीवर जाऊन बसलं. खाली इसिदत एका हाताने वस्त्र धरून शूर्पारकाच्या शिव्या देतोय, वर माकड, आणि निकोन हसून हसून पडलाय, ओकायचंही विसरलाय.

दिओन सांगता सांगता स्वतःच हसायला लागला. वेइ साहेब खरं तर तिथूनच परतणार होते, पण घोड्याचा लगाम माझ्या हातात देऊन ते त्याच्याशेजारी खडकावर बसले.

"थांब, थांब," ते मला म्हणाले. "त्याला विचार, माकड खाली कसं उतरवलं?"

मी विचारलं. गाड्या पुढे निघून गेल्या होत्या. दिओनने बाह्या सरसावल्या, उभा राहिला, आणि माकड खाली कसं उतरवलं ते करून दाखवू लागला.